बिनतारी होडी आणि तिची बॅटरी



खेळण्यातल्या होडीची बॅटरी हा काय रेडिओवर भाषण देण्याचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण रिमोटवर चालणारी होडी आता शहराच्या दुकानापुरती राहिलेली नाही. २०१६ सालापासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा ज्या ज्या शाळांना मिळत गेल्या, तेथील सहावी ते बारावीची मुले मोटर, पंखा आणि बॅटरी जोडून अशी होडी स्वतःच्या हाताने तयार करू शकतात. मुलांनी होडी केली की ती वर्गात थोडीच राहणार? ती गावच्या तळ्यावर जाणारच.

होडी मोडली तर पुन्हा करता येते. बॅटरी बिघडली तर मात्र दोन गोष्टी घडू शकतात. घरात चार्जिंगला लावलेली असताना ती पेट घेऊ शकते, ही एक. आणि दुसरी अशी की, होडी भर पाण्यात बंद पडते आणि तिला आणायला एखादे पोर पाण्यात उतरते. दोन्ही टाळता येतात, आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही. म्हणून आजचे हे बोलणे.

गुरुजींना वर्गात सांगायला उपयोगी पडेल असा थोडा इतिहास आधी सांगतो. १८९८ साली निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या विद्युत प्रदर्शनात पाण्याच्या हौदात एक लोखंडी होडी सोडली. तिला ना दोरी, ना तार. टेस्ला हौदाबाहेर उभा राहून तिला हवे तिकडे वळवीत होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला या शोधाचे पेटंट मिळाले. माझा आवाज ज्या लहरींवर बसून आपल्या घरी येतो, त्याच जातीच्या लहरींनी ती होडी चालली होती. म्हणजे तुमचा रेडिओ आणि मुलांची होडी ही एका घराण्यातली भावंडेच म्हणायची. लहरी हुकूम पोचवतात, पण ढकलण्याचे बळ देत नाहीत. ते बळ टेस्लाच्या होडीतही बॅटरीच देत होती, आणि आजही तीच देते.

अगदी स्वस्त खेळण्यांत निकेलचे किंवा लिथियमचे लहान नळकांडीसारखे सेल असतात. जरा वेगवान होडीत लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. ही दिसायला मऊ पाकिटासारखी, वजनाला हलकी आणि अंगात मोठे बळ असलेली. तिच्या एका सेलचा दाब सर्वसाधारणपणे ३.७ व्होल्ट मानतात. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. दोन सेल एकामागे एक जोडले की ७.४ व्होल्टची बॅटरी होते, तीन जोडले की ११.१ ची. वरची हद्द ४.२. खालची हद्द ३.० व्होल्ट, आणि शहाण्याने ३.५ च्या आसपासच थांबावे. हे तीन आकडे एखाद्या पुठ्ठ्यावर लिहून प्रयोगशाळेत टांगले, तर बऱ्याचशा बॅटऱ्या वाचतील.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. औताचा बैल दमला की धन्याला ते कळते. त्याच्या तोंडाला फेस येतो, पाऊल अडखळते, आणि मग जू उतरवले जाते. जुन्या टॉर्चचे सेलही असेच, हळूहळू मंद होत जाणारे. लिथियमची बॅटरी अशी नाही. भरल्या पोटी तिचा दाब ४.२ वरून थोडा लवकर खाली येतो, मग बराच वेळ जवळजवळ एका पातळीवर चालतो, आणि शेवटी कडा तुटावा तसा कोसळतो. मुलगा काठावर उभा राहून होडी पळवत असतो. होडी छान पळते आहे, मग अजून एक फेरी मारू, असे त्याला वाटते. आणि नेमक्या त्या फेरीत दाब घसरतो. होडीच्या चालीवरून बॅटरीचे पोट ओळखू म्हणाल, तर ते ओळखता येत नाही.

ती अगदी तळापर्यंत रिकामी झाली तर काय बिघडते? विज्ञानाच्या शिक्षकांनी हे जरूर समजावून घ्यावे. सेलच्या आत एका बाजूला ग्रॅफाइटचा लेप असतो आणि तो लेप तांब्याच्या पातळ पत्र्यावर दिलेला असतो. सेल मर्यादेबाहेर रिकामा झाला, विशेषतः तो तशाच स्थितीत पडून राहिला, की हे तांबे आतल्या द्रवात विरघळू लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. मग कोणीतरी म्हणतो, ‘‘अरे, उतरली असेल, लाव चार्जिंगला.’’ चार्ज करताना विरघळलेले तांबे पुन्हा धातू होऊन भलत्याच ठिकाणी साठते, आणि दोन ध्रुवांमधला पातळ पडदा भेदून सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तळ्यावर झालेली इजा अशी घरी येऊन, दुसऱ्या दिवशी, चार्जरवर प्रकट होते. म्हणूनच मी म्हणतो की चार्जिंगच्या वेळी लागणाऱ्या आगीचे मूळ पुष्कळदा त्याआधीच्या वापरात असते. ज्या बॅटरीचा एखादा सेल ३ व्होल्टच्या खूप खाली जाऊन कित्येक दिवस तसाच राहिला आहे, तिला युक्त्या लढवून जिवंत करण्याच्या भानगडीत पडू नये.

यावर कोणी म्हणेल, ‘‘अहो, पण होडीत ते स्पीड कंट्रोलर असतंच की! दाब उतरला की तेच मोटर बंद करतं.’’ खरे आहे. मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या या पेटीत दाब उतरल्यावर मोटर थांबवण्याची सोय बहुधा असते, आणि मोटर थांबली तरी सुकाणू व रेडिओ चालू राहावे म्हणून थोडी वीज ती राखून ठेवते. पण या राखणदारात दोन उणिवा आहेत. एक तर त्याला आपण कोणत्या जातीची बॅटरी जोडली हे सांगावे लागते; निकेलसाठी ठेवलेल्या खुणेवर लिथियमची बॅटरी जोडली, तर तो थांबवायचा त्या जागी थांबवत नाही. दुसरे असे की, तो बहुधा सगळ्या सेलांची बेरीज पाहतो, एकेकाची विचारपूस करीत नाही. तीन सेलांची बॅटरी आहे, बेरीज ९.९ व्होल्ट आली. तो समजतो प्रत्येकी ३.३, ठीक आहे. प्रत्यक्षात दोन सेल ३.५ वर असतील आणि तिसरा बिचारा २.९ वर. एकत्र कुटुंबातल्या एका भावावरच सगळा बोजा पडावा, आणि बाहेरच्याला घर सुखी दिसावे, तसाच हा प्रकार. यासाठी बॅटरीला जी बारीक तारांची पांढरी जोडणी असते, तिच्यात लावायचा लहानसा दाबमापक मिळतो. तो एकेका सेलचा आकडा दाखवतो आणि एखादा सेल खाली आला की ओरडतो. फक्त खेळ संपल्यावर तो काढून ठेवावा, कारण तोही थोडी थोडी वीज खातच असतो.

त्याहून साधा आणि भरवशाचा उपाय म्हणजे घड्याळ. आणि इथे गणिताच्या तासाला एक सुरेख उदाहरण मिळते. समजा, बॅटरीवर २२०० मिलिअँपिअर-तास असे लिहिले आहे. पूर्ण भरून होडी नेमकी तीन मिनिटे नेहमीच्या वेगाने चालवा आणि काठाला आणा. बॅटरी निवली की पुन्हा चार्ज करा. चांगला चार्जर आपण किती भर घातली हे आकड्यात दाखवतो. तो आकडा ६०० आला, तर खर्च मिनिटाला २०० झाला. आता बॅटरीतला पाचवा हिस्सा कधी वापरायचा नाही असा नियम ठेवा. २२०० चे चार पंचमांश म्हणजे १७६०. त्याला २०० ने भागा, आले ८.८ मिनिटे. म्हणून सातव्या मिनिटाला गजर लावायचा, गजर झाला की होडी वळवायची. अजून जोर शिल्लक असला तरी वळवायची! गजर होडी चालवणाऱ्या मुलाच्या हाती न देता दुसऱ्या मुलाकडे द्यावा. खेळणाऱ्याला सात मिनिटे नेहमीच थोडी वाटतात. काठाला आल्यावर काही मिनिटे विसावा देऊन प्रत्येक सेल मोजावा. तो ३.७ च्या आसपास असेल तर हिशेब बरोबर जमला. त्याहून बराच खाली असेल, तर पुढच्या खेपेस एक मिनिट कमी.

मोटारगाडीपेक्षा होडीची बॅटरी लवकर का दमते, हेही पाहू. खेळण्यातली गाडी एकदा वेगात आली की उतारावर, सपाटीवर तिला विसावा मिळतो. होडीला विसावा नाही. पंखा सतत पाणी मागे लोटत असतो, आणि पाणी म्हणजे काही हवा नव्हे. त्यात मुलांना एक मोह होतो, तो मोठा पंखा बसवण्याचा. ३० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याऐवजी ३३ चा बसवला तर काय मोठेसे झाले? पण पंख्याला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. फिरण्याचा वेग तोच राहिला, तर व्यास एक दशांशाने वाढल्यावर शक्ती १.६ पटीहूनही थोडी जास्त लागते. १.१ ला पाच वेळा गुणून मुलांनीच पाहावे. प्रत्यक्षात मोटर जराशी हळू होते, म्हणून वाढ थोडी कमी दिसेल. पण बॅटरी आणि तारा गरम होऊ लागल्या की कारण शोधायला लांब जायला नको.

आपल्या तळ्यांवर दुसरा शत्रू आहे तो शेवाळ आणि जलपर्णीचा. कोल्हापूरचा रंकाळा, पुण्याकडची पवना, सोलापूरकडचे उजनी, सर्वांनीच जलपर्णीचा त्रास सोसला आहे. लांब शेवाळाचा एक तंतू पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळला की पंखा अडतो. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण करते आणि येणाऱ्या प्रवाहाला आवर घालते. ती अडकून थांबली की हा आवर नाहीसा होतो आणि बॅटरीतून प्रवाहाचा लोंढा सुटतो. नांगर खडकात अडकला असता बैलांना चाबूक मारणारा शेतकरी मूर्ख ठरेल. पण होडी अडकल्यावर रिमोटचा दट्ट्या पुढे दाबून धरणारी शहाणी माणसे मी पाहिली आहेत! होडी एकाएकी मंदावली किंवा आवाज बदलला, की दट्ट्या सोडावा. एकदा उलटे फिरवून पाहावे, सुटले तर हळूहळू काठाला आणून दांडा साफ करावा. न सुटले तर तिथेच थांबावे. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये योग्य अँपिअरचा फ्यूज घातला, तर असा लोंढा त्याच्यावरच थांबतो. घरातल्या विजेच्या पेटीला फ्यूज हवा हे आपण मानतो, मग होडीलाच का नको?

उष्णतेबद्दलही दोन शब्द. पाणी आत जाऊ नये म्हणून होडीचे झाकण आपण चिकटपट्टीने बंद करतो. त्यामुळे पाणी बाहेर राहते, पण उष्णता आत कोंडते. काही होड्यांत तळ्याचे पाणी नळीतून फिरवून मोटर आणि कंट्रोलर थंड ठेवतात. बॅटरीला ते सुख मिळत नाही. फेरी संपली की झाकण उघडावे आणि बॅटरीला हात लावून पाहावा. कोमट लागली तर चालेल. हात ठेववत नसेल इतकी तापली असेल, तर होडीत काहीतरी चुकते आहे आणि ते सापडेपर्यंत दुसरी फेरी नाही. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. बहुतेक उत्पादक चार्जिंगसाठी ४५ अंश सेल्सिअसची मर्यादा घालतात. चंद्रपूर-नागपूरकडच्या श्रोत्यांच्या लक्षात आलेच असेल की मे महिन्यातली त्यांची दुपारच ही मर्यादा गाठते. त्यांनी हे काम सकाळी उरकावे.

पाणी आत शिरलेच तर? आधी बॅटरीची जोडणी सोडवावी, मग ती बाहेर काढून पुसावी. गोड्या पाण्यात क्षणभर भिजलेली बॅटरी बहुधा वाचते. खाडीच्या खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. खारे पाणी वीज चांगली वाहते. त्यात बुडालेल्या बॅटरीच्या जोडण्या आणि बारीक तारा झपाट्याने खराब होतात, आणि उपद्रव काही तासांनी सुरू होऊ शकतो. कोकणातल्या मुलांनी अशी बॅटरी घरात न आणता उघड्यावर, काहीही जळण्यासारखे जवळ नसेल अशा ठिकाणी ठेवावी आणि पुन्हा चार्ज करू नये. होडीच्या पोटात थर्माकोलचे तुकडे भरून ठेवले म्हणजे पाणी भरले तरी ती तळाला जात नाही.

चार्जिंगची रीत थोडक्यात सांगतो. लिथियमच्या बॅटरीला लिथियमचाच आणि प्रत्येक सेल समान पातळीवर आणणारा चार्जर हवा. सेलांची संख्या नीट पाहून लावावी. दोन सेलांच्या बॅटरीला तीनची खूण लावली तर ती पेटण्याला निमंत्रणच. प्रवाह तिच्या क्षमतेएवढा पुरे, म्हणजे २२०० च्या बॅटरीला २.२ अँपिअर. अंथरुणावर, लाकडी कपाटात, गवताच्या गंजीजवळ चार्जिंग करू नये. फरशीवर चार विटा मांडून मध्ये कोरडी वाळू पसरावी आणि तिच्यावर बॅटरी ठेवावी. आणि जवळ जाणते माणूस जागे असावे. रात्री लावून झोपणे नाहीच. धूर निघालाच, तर प्रथम मेन स्विच बंद करावा आणि मुलांना बाहेर काढावे. तो धूर विषारी असतो, म्हणून बॅटरी हाताने उचलायला धावू नये. वीज बंद झाल्यावर लांबून भरपूर पाणी मारीत राहावे. घोटभर पाण्याने तिची आतली उष्णता उतरत नाही.

शाळांसाठी एक सूचना वेगळी करतो. परीक्षा संपल्या, होडी कपाटात गेली, कुलूप लागले, आणि जूनमध्ये उघडून पाहावे तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली! याची कारणे दोन. बॅटरी पूर्ण भरून ठेवली तर उन्हाळ्याच्या उष्णतेत आतली रसायने झिजतात आणि वायू धरतो. आणि होडीला जोडूनच ठेवली, तर बटण बंद असले तरी काही कंट्रोलर थेंब थेंब वीज पीत राहतात. दोन महिन्यांत ती तळाला जाते. म्हणून सुटीपूर्वी प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धे पोट भरलेला ठेवावा. चार्जरवर ‘स्टोरेज’ अशी खूण असते ती याचसाठी. जोडणी सोडावी, टोकांवर चिकटपट्टी लावावी, आणि पत्र्याच्या गच्चीखालचे कपाट टाळून घरातल्या थंड कोपऱ्यात, मातीच्या मडक्यात ठेवून द्यावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, ‘‘अजून चालते की’’ म्हणून वापरू नये. उकिरड्यावर किंवा आडात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तालुक्याच्या गावी विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात चौकशी करावी.

सगळी काळजी घेऊनही होडी एखाद्या दिवशी मधोमध थांबणारच. त्याची तयारी काठावर जाण्याआधी असावी. वारा ज्या काठाकडे वाहत असेल, त्या काठावर उभे राहून होडी सोडावी. म्हणजे ती बंद पडली तरी वारा आपण होऊन तिला आपल्याकडे आणतो. घाई करणाऱ्यासाठी एक बारीक लांब दोरी आणि तिच्या टोकाला टेनिसचा चेंडू बांधून ठेवावा. होडीच्या पलीकडे चेंडू फेकून दोरी हळूहळू ओढली की ती काठाला लागते. जवळ कोळी बांधव असतील तर त्यांना विनंती करावी. दुसरे काहीच नसेल, तर होडी संध्याकाळपर्यंत तिथेच तरंगू द्यावी.

शेततळ्याविषयी मात्र मी आर्जवाने सांगतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचे उतार ओले झाले की साबणासारखे होतात. पट्टीचा पोहणारा माणूससुद्धा त्यावरून वर येऊ शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही आतच राहतो. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. तेथे मुलांनी होडी सोडू नये. गुरुजी, आपल्या शाळेची होडी ज्या दिवशी प्रथम पाण्यात जाईल, त्या दिवशी जागा आपण आधी पाहून या, उथळ पाण्याची. सोबत एक जाड दोर आणि हवा भरलेली मोटारीची ट्यूब असू द्या, आणि गजराचे घड्याळ कोणाच्या हातात आहे ते एकदा विचारून घ्या.